जखमेचा काठ

स्पिरिटचा वास आला की माझा तळपाय अजूनही गार पडतो. माझ्या मधुमेही पायाची जखम बांधणारा तो ड्रेसर वडगावच्या विणकराघरचा. जखमेच्या कडेलाही तो ‘काठ’च म्हणे.

“आक्का, मागावर धोटा सूत घेऊन पळतोय न्हवं, तशी पेशीत बी मोटर प्रथिनं पळत्यात. ती माल पोचवत्यात, तवाच रक्तवाहिनीच्या पेशी काठापासनं आत सरकत्यात.”

“आणि नाही पोचवला तर?”

तो पुसलेली कात्री पुन्हा पुसत राही.

पाय कापायचा की ठेवायचा, हे ज्या सोमवारी ठरणार होते, त्या सकाळी पट्टी सोडवून तो मागावर वाकावे तसा जखमेवर वाकला. मी डोळे मिटले. चिमट्याने त्याने काठ हलकेच चाचपला. मग तो म्हणाला, “विणतंय.”