अकरा तारांची गिटार

"बोलतीच नही व माय. मुकी शे का काय?"

हे आतल्या खोलीतून ऐकू आलं तेव्हा मी धुळ्याला, देवपुरातल्या एका अनोळखी घरात लोखंडी खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. समोर दिवाणावर एक गिटार पालथी पडली होती. विचारणाऱ्या होत्या शेजारच्या सुनंदाताई. उत्तर मात्र घराच्या मालकिणीचं होतं, जाड आणि शांत आवाजातलं. "असू दे. बोलणारे पुष्कळ येऊन गेले."

विमलअक्कांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा, भिंतीपलीकडून आणि माझ्या बाजूने.

मी जळगावहून आले होते. घरी आम्ही मारवाडी बोलतो, शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, आणि मराठी माझ्या वाट्याला आली ती बाबांच्या प्लायवूडच्या दुकानात येणाऱ्या सुतारांकडून. त्यामुळे परक्या घरात मराठी बोलायचं म्हटलं की मी वाक्य आधी मनात जुळवते. ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. फोनवर जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत सुनंदाताईंनी टाकलेला फोटो दिसला नसता तर मी एकटी एस.टी.त बसून धुळ्याला कधीच गेले नसते. फोटोखाली लिहिलं होतं, "जुनी गिटार, तारा जास्त आहेत." त्या जास्त नव्हत्या. बारा खुंट्या, बारा तारा, सहा जोड्या. अशी गिटार मी फक्त व्हिडिओत पाहिली होती.

अक्का बाहेर आल्या आणि त्यांनी गिटार उलटी करून तिच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक केलं. पुढे कळलं की त्या कशावरही असंच वाजवून बघायच्या, कलिंगडावर, दारावर, रडणाऱ्या पोराच्या पाठीवर. शिंदखेडा तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी नर्स म्हणून काढली होती. "अर्धा तालुका मी टोचलेला शे," असं त्या अभिमानाने सांगायच्या. आधी आलेल्या गिऱ्हाइकांपैकी एकाला ती गिटार ढाब्याच्या भिंतीवर टांगायची होती. त्याला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं.

"तपास," त्या मला म्हणाल्या. "पेशंट तुझ्यासमोर शे."

मी पर्समधला छोटा गोल आरसा काढला, फोनचा दिवा लावला आणि गिटारीच्या पोटात डोकावले. भोकाच्या कडेला लाकडाच्या रेषा वरून थेट खालपर्यंत उतरल्या होत्या, म्हणजे पुढची फळी अख्ख्या लाकडाची. पाठ आणि बाजू प्लायच्या. हे मला कुणी शिकवायला नको होतं, मी त्या वासात वाढले आहे. चिठ्ठी केव्हाच फाटून गेली होती. पण आतल्या एका आडव्या पट्टीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं आरशात दिसलं. अक्षरं उलटी होती, तरी वळण ओळखीचं होतं. कलकत्त्याहून आमच्या दुकानात येणाऱ्या मालावर तशीच बंगाली अक्षरं असायची.

मी आरसा परत पर्समध्ये टाकला. कारण तोवर सुनंदाताईंनी सांगून ठेवलं होतं की ही गिटार जर्मनीची आहे. अक्कांच्या यजमानांनी, म्हणजे मास्तरांनी, खास तिकडून मागवली होती आणि सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. मास्तर जाऊन काही वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाचा शब्द मी कशी खोडणार?

अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बोल. रिपोर्ट वाईट आला तरी सांगावा लागतो."

"कलकत्ता," मी म्हणाले. त्या घरात मी उच्चारलेला तो पहिला शब्द.

सुनंदाताईंचा चेहरा उतरला. अक्का मात्र इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. कलकत्त्याकडून आलेल्या गाडीतून मास्तरांच्या मित्राने गिटार भुसावळला उतरवली होती आणि तिथून पुढे घरापर्यंत ती अक्कांनीच मांडीवर घेऊन आणली होती, नव्या नवरीसारखी. मास्तरांना मात्र चारचौघांत जर्मनी म्हणायला आवडायचं. "म्हणू दिलं," अक्का म्हणाल्या. "मी काब्र, कशाला, त्यांचं विमान भुसावळले उतारू?"

त्या दोघांची गायन पार्टी होती. मास्तर शाळेत शिकवायचे, अक्का दवाखान्यात, आणि जयंतीच्या दिवसांत सुट्ट्या टाकून नरडाणा, शिंदखेडा, वाटेत लागेल त्या गावी दोघं गायला जायचे. ढोलकी, पेटी आणि त्यात ही बारा तारांची गिटार. मास्तर वाजवायचे, अक्का गायच्या. मास्तर गेल्यावर अक्कांनी गाणं थांबवलं. ते त्यांनी मला सांगितलं ते औषध बंद केल्यासारखं, सहज.

मी तारा छेडून पाहिल्या तर सगळी गिटार ठरलेल्या सुरापेक्षा दोन घरं, म्हणजे एक अख्खा सूर, खाली होती. मला वाटलं, पडून पडून उतरली असेल. पण जोड्या आपापसांत बऱ्याच जुळत होत्या. अक्का म्हणाल्या की त्यांचा आवाज जाड, बायकांच्या पट्टीत बसत नाही, म्हणून मास्तरांनी पहिल्या दिवसापासून ती खालीच लावली. मी खाली वाकून घोडी पाहिली. तारा जिला बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी. बारा तारांच्या ओढीने जुन्या गिटारींची घोडी हमखास उचकटते, आणि जुनी गिटार घेताना हेच आधी बघायचं असतं. इथे नखही शिरेना इतकी ती घट्ट होती. इतकी वर्षं तारा सैल राहिल्या, म्हणून ती टिकली. बायकोच्या आवाजासाठी मास्तरांनी जे केलं त्याने गिटार वाचली होती. हे मला अक्कांना सांगायचं होतं. वाक्य जुळलं नाही.

भाव ठरायला वेळ लागला नाही. मी गिटार पिशवीत घालायला लागले तेव्हा अक्कांनी हात धरला. त्यांनी एक खुंटी फिरवून फिरवून ढिली केली आणि सगळ्यात बारीक तार, तिसऱ्या जोडीतली, सोडवून घेतली. बोटांभोवती गुंडाळून बांगड्यांच्या डब्यात टाकली.

"गाय विकली तरी दावं देत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाने कधी दिलं नाही. एक दिवस इथे येऊन मला वाजवून दाखव. मग ने."

तशी तार जळगावात कुठल्याही दुकानात मिळाली असती. मी घेतली नाही. ती जागा रिकामीच ठेवली आणि माझ्या खोलीचं दार लावून अकरा तारांवर शिकत राहिले. कुणासमोर वाजवायचं म्हटलं की माझी बोटं थंड पडतात. आईबाबांनीसुद्धा मला वाजवताना फक्त दाराबाहेरूनच ऐकलं आहे.

धुळ्याला मात्र मी जात राहिले, गिटारीशिवाय. अक्कांनी कधी विचारलं नाही की गिटार कुठे आहे. "घाई नही," एवढंच म्हणायच्या. मी आले की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकायच्या. आमच्या घरी कांदा-लसूण चालत नाही हे त्यांना एकदा सांगितल्यावर माझ्यासाठी वेगळा ठेचा कुटायच्या आणि कुटताना बडबडायच्या, "बिनलसणाचा ठेचा म्हणजे नुसता राग." मला त्या प्लायवूडवाली म्हणायच्या. मी गप्प बसले तर त्याही बसायच्या. गप्प माणसाबरोबर गप्प बसता येणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

एकदा गल्लीतल्या एका लहान मुलीला त्यांच्याकडे इंजेक्शनला आणलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी असली की शेजारपाजारचे अजूनही अक्कांकडेच येत. मुलगी किंचाळत होती. अक्कांनी तिच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाल्या, "आठे नको देखू. तठे देख, चिडी." इकडे नको बघू, तिकडे चिमणी बघ. मुलगी खिडकीकडे वळली, मीही वळले. चिमणी नव्हतीच. तोवर सुई बाहेर आली होती.

मग सुनंदाताईंचा फोन आला. अक्कांचा मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत आहे. पायऱ्या चढताना अक्कांचा तोल गेला होता, आणि आता तो त्यांना घेऊन जाणार होता. घर विकायला काढलं होतं.

पुढच्या रविवारी मी गिटार घेतली आणि एस.टी.त बसले. ती सबंध रस्ता मांडीवर होती. पारोळ्याला एका आजोबांनी पिशवीत काय आहे विचारलं आणि मी उत्तर दिलं. याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

घरात खोकी भरलेली होती. दिवाण गेला होता. मी खाली सतरंजीवर बसले, गिटार काढली आणि तिथेच अडकले. अक्का समोर, सुनंदाताई दारात. बसमध्ये जुळवून ठेवलेलं वाक्य, की मला हे जमणार नाही, तेवढं तयार होतं.

अक्कांनी गिटारीच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक केलं.

"आठे नको देखू," त्या म्हणाल्या. "तठे देख."

आणि त्यांनी स्वतःच पाठ फिरवली. कपाट उघडून लुगडी काढायला लागल्या. सुनंदाताईंनाही त्यांनी हाताने आत बोलावून कामाला लावलं. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर वाळत घातलेली चादर होती. मी वाजवायला सुरुवात केली.

फार चांगलं वाजलं नसावं. दोन जागी चुकले. तिसऱ्या जोडीपाशी प्रत्येक वेळी तो बारीक सूर कमी पडत होता, पडलेल्या दातासारखा. पण सूर मी मास्तरांचाच ठेवला होता, दोन घरं खाली. थोड्या वेळाने मला कपाटातून काहीतरी ऐकू आलं. अक्का लुगड्यांच्या घड्यांत तोंड घालून गुणगुणत होत्या. शब्द कळत नव्हते. आवाज खरंच जाड होता, आणि त्या पट्टीत तो नीट बसत होता. सुनंदाताईंचे हात घडी करता करता थांबले. मी मान खिडकीकडून वळवली नाही, डोळ्यांच्या कडेने दिसलं तेवढंच बघितलं. अक्कांनीही वळून पाहिलं नाही. आधी त्या थांबल्या, मग मी.

मग मी ते घोडीचं सांगितलं. की ती का उचकटली नाही, की मास्तरांनी सूर खाली ठेवला म्हणून. तुटक तुटक सांगितलं, पण सांगितलं. अक्का खोक्यावर बसून ऐकत राहिल्या. मग बांगड्यांचा डबा काढून त्यातली गुंडाळलेली तार माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या की शब्द शब्द असतो, अट पुरी झाली, आता दावं तुझं.

तार अगदी हलकी होती, तळहाताला लागतही नव्हती. ती मी घेतली असती तर व्यवहार पुरा झाला असता. मग सुरतेला जायला मला कुठलंच कारण उरलं नसतं.

मी तार परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. या वेळी वाक्य आधी जुळवलं नाही. त्यांच्याच बोलीत आलं, जसं आलं तसं.

"राहू द्या अक्का. मी सुरतले येसू."