बापाविरुद्ध साक्ष

"उभी राहा," पाळकसाहेब म्हणाले. "मंडळीला सांग, तुझा बाप आज कुठे आहे."

रविवारची उपासना. रत्नागिरीतला भाड्याचा हॉल. पुढे खुर्च्यांवर बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले. मागे सतरंजीवर आम्ही बंदरावरचे. मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं होतं. "माझ्या वडिलांनी प्रभूला नाकारलं, म्हणून ते नरकात आहेत."

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. ते खलाशी. वादळात होडी उलटली. बाकीचे वाचले, बाबा सापडलेच नाहीत. आठ दिवस आई आणि मी किनाऱ्याने हिंडलो. कुठे कावळे जमलेले दिसले की आम्ही पळत जायचो. दर वेळी मासाच असायचा.

बाबांचा गुन्हा काय, तर नारळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ सोडताना प्रत्येक खलाशाने त्याला हात लावायचा, ही त्या होडीची रीत. मी चौथीत असताना आमच्या घराने बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून बाबा दरवर्षी त्या दिवशी ताप आल्याचं निमित्त काढून घरी बसत. होडीचा प्रमुख, जुना तांडेल, समजून घ्यायचा. यंदा होडीवर नवा तांडेल आला. म्हणाला, हात लावायचा नसेल तर उद्यापासून येऊ नको. बाबांनी हात लावला. कुणीतरी फोटो काढून स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत तो पाळकसाहेबांनी पाहिला.

त्यांनी बाबांचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत मिळणारी भाकर आणि द्राक्षारस, बंद केलं. मंडळीसमोर गुडघे टेका, पश्चात्ताप करा म्हणाले.

बाबा म्हणाले, "पोटासाठी लावला. फुडच्या वरसाला परत लावीन. खोटा कशाला बोलू?"

तीन आठवड्यांनी होडी उलटली.

मग नवऱ्याला पाठीशी घातलं म्हणून आईचंही प्रभुभोजन बंद. ते पुन्हा सुरू व्हायचं तर घरातल्या कुणीतरी बाबांविरुद्ध साक्ष द्यायची. आई बोलायला गेली की नुसती रडायची. म्हणून मी.

"बोल गो बाय," ती म्हणाली. "तो काय आता आयकतोय? माजा तरी तारण होऊदे."

मी हो म्हटलं. हे लपवत नाही.

त्या रविवारचा उपदेश शेवटच्या न्यायावर होता. पाळकसाहेबांनी वाचलं, त्या दिवशी समुद्र आपल्यातली मेलेली माणसं परत देईल. ऐकलं आणि मला एकदम बरं वाटलं. म्हणजे बाबा मिळणार. तोंड तरी बघायला मिळणार. मग त्यांनी पुढचं वाचलं. ज्याचं नाव जीवनाच्या पुस्तकात नाही, त्याला अग्नीच्या सरोवरात टाकतील. वाचताना ते सतरंजीकडे बघत होते. पाण्यातून काढायचं ते आगीत टाकायला.

मला उठवलं तेव्हा पुढच्या रांगेतले बँकेतले साहेब मागे वळून मान हलवत होते. धीर देत होते मला. गेल्या दिवाळीत यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा शोरूममध्ये चाकापाशी नारळ फोडला होता. तोही फोटो स्टेटसला होता. अख्ख्या मंडळीने पाहिला, खाली अभिनंदन लिहिलं.

मी म्हटलं, "बाबांनी नारळाला नुसता हात लावला, तोही पोटासाठी. या साहेबांनी हौसेने फोडला. ते कुठे जाणार, ते आधी सांगा."

साहेबांनी मान पुढे वळवली.

"खाली बस," पाळकसाहेब म्हणाले. "तुझ्या तोंडून सैतान बोलतोय."

मी बसले नाही. चपला घातल्या आणि बाहेर पडले. मागून कुणी आलं नाही. आईसुद्धा नाही.

आई अजून दर रविवारी जाते. दाराजवळ बसते. भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढे जातं. घरी आली की एवढंच म्हणते, "तुज्यामुला मी पन जलनार." वाडीने आम्हांला बाप्तिस्म्याच्या वेळीच वाळीत टाकलं होतं. आता मंडळीनेही. मी कोळंबी सोलायला जाते, येते. आम्ही एकमेकींच्या पाठीला पाठ लावून जेवतो.

नरक नाहीच, असं म्हणता आलं असतं तर सुटले असते. म्हणता येत नाही. चौथीपासून मनात घातलेली आग अशी विझत नाही. मी कुठे जाणार, ते मला माहीत आहे. तिथे बाबा भेटतील असंही नाही. तिथे कुणी कुणाला भेटत नाही, असंच आम्हांला शिकवलंय. भीती वाटते. रोज वाटते.

तरी ते वाक्य मी म्हणणार नाही. पाळकासमोर नाही, आईच्या तारणासाठी नाही. आणि शेवटच्या दिवशी सिंहासनासमोर उभं करून विचारलं, तर तिथेही नाही. माझ्या बापाविरुद्ध साक्षीदार हवा असेल, तर देवाने दुसरा शोधावा.