तुरटीचा ट्रक परत गेला

जलशुद्धीकरण केंद्राच्या खिडकीत काचेचं एक भांडं ठेवलं होतं. बाहेर तुरटीचा ट्रक उभा होता आणि केमिस्ट सावंत मॅडमनी त्यातला एक खडा पाण्यात विरघळवला होता. आम्ही पोरं ‘शुद्ध पाणी आमचा हक्क’ अशी पत्रकं घेऊन भांडायलाच गेलो होतो. पण त्या भांड्यातच डोकावत राहिलो. तळाशी करडा गाळ बसत होता.

“मॅडम, एवढ्या मोठ्या टाकीत एवढीशी माती कुणाला कळणार?” ड्रायव्हर म्हणाला.

“मला कळली ना! आणि माती निदान दिसते. सोबत शिसं आलं असेल तर न दिसता घराघरांत जाईल. फिरवा गाडी.”

“मालक खाईल मला.”

“खाऊ दे. आमचं पाणी तेवढं पिऊन जा.”

तो हसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि त्यानं गाडी वळवली.

नदीत कोण काय सोडतं, यावर आम्ही रान उठवलं होतं. पण घाण काढायला जे घालायचं, तेही आधी तपासावं लागतं, हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं. आम्हीसुद्धा गावातली घाण काढायलाच निघालो होतो. आमचा खडा कुणी विरघळवून पाहिला होता?

भांडायचं राहूनच गेलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. निघताना मीही तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, नितळ होतं.

“ती पत्रकं ठेवून जा,” मॅडम म्हणाल्या. “तीही तपासते.”

मी खुशीनं सगळा गठ्ठा त्या भांड्याशेजारी ठेवला.