भाचीची जपानी कंपनी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं ऐकून तुम्हाला माझी कीव येईल. माझ्या बहिणीला मात्र अजून आलेली नाही.

माझी भाची गौरी कात्रपला राहते. घरी बसून जपानी यंत्रांची जाडजूड माहितीपुस्तकं इंग्रजीत आणते. कामं तिनं स्वतः शोधली, स्वतः मिळवली. मी अंबरनाथच्या कारखान्यात जन्म काढला, पण साहेबाला 'एवढ्या दिवसांत जमणार नाही' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ही पोरगी जपानी साहेबांना तेच गोड शब्दांत सांगते, आणि ते ऐकतात! मला तिचं भारी कौतुक आहे.

पण लग्न जमवताना कौतुक चालतं का हो? दोन स्थळं 'मुलगी घरीच असते' म्हणून परत गेली. तिसरं आलं अंबरनाथ पूर्वेचं. मुलाचा फोटो बघून गौरी पहिल्यांदाच गप्प बसली, म्हणजे हे स्थळ घालवायचं नव्हतं. बायोडेटा छापायचं काम माझ्याकडे. फ्रीलान्सला जपानीत काय म्हणतात, असं मी तिला सहज विचारलं. म्हणाली, "फुरीरान्सु. इंग्रजीतूनच घेतलाय त्यांनी."

झालं! नोकरीच्या रकान्यात मी छापलं: फुरीरान्सु, जपान.

मुलाच्या वडिलांचा फोन आला. कंपनी मोठी आहे का? म्हटलं, जगभर पसरलीय. खोटं बोललो का, सांगा. कॅन्टीन? अगदी घरच्यासारखं. साहेब कसा आहे? मुलीच्या शब्दाबाहेर नाही. मी असा काही सुटलो की बघण्याच्या दिवशी ते धाकट्या मुलाचाही बायोडेटा घेऊन आले. याचंही त्या फुरीरान्सु कंपनीत जमवा, म्हणाले.

पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता गौरी थांबली.

"काका, अशी कंपनीच नाहीये. स्वतःचं काम स्वतः करण्याला जपानीत तसं म्हणतात. मी नोकरी करत नाही, करणारही नाही. हे मामानं छापलंय, मला आत्ता कळतंय."

वडिलांनी धाकट्याचा कागद घडी करून खिशात घातला. बहीण माझ्याकडे बघेना. पोरीचं चांगलं करायला गेलो आणि तिच्या मनातलं स्थळ मीच घालवलं.

तेवढ्यात मुलाची आई बोलली. उल्हासनगरच्या दुकानांचे कपडे घरी शिवून बाईंनी दोन्ही मुलं शिकवली होती.

"म्हणजे मी पण त्याच कंपनीत आहे की," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही सगळ्यांना सांगता, ही घरीच असते."

नवऱ्यानं पोहे खायला घेतले.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त एक अट," बाई म्हणाल्या.

आम्ही सगळे पुढे सरकून बसलो.

"पुढची बोलणी मामांनी करायची नाहीत."

अट आमच्याकडून तिथल्या तिथे मान्य झाली. सगळ्यात मोठा आवाज गौरीचा होता.