इलारियनकाकांच्या बुटांची तक्रार

वेतुरियाने कोबीच्या खारवलेल्या पानांत खिम्याचं सारण भरायला घेतलं होतं. निम्म्या पानांच्या गुंडाळ्या होऊन पातेल्यात बसल्या होत्या, निम्मी पानं अजून परातीत पसरलेली होती आणि तिचे हात मनगटापर्यंत माखले होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारावर काठी आपटली. दारावर काठी आपटून येणारी कसब्यात एकच बाई होती, सावेताम्हातारी.

"ये मावशी, दार उघडंच आहे."

सावेता आत आली. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. नवरा इलारियन गेल्याचे चाळीस दिवस येत्या शनिवारी भरायचे होते. वेतुरियाने कोपराने खुर्ची पुढे सारली, पण म्हातारी बसली नाही.

"इलारियन लंगडतोय," ती म्हणाली.

वेतुरियाने हातातलं पान परातीत ठेवलं. "कधीपासून?"

"पुरल्यापासून. रोज स्वप्नात येतो. रस्त्याकडेच्या दगडावर बसलेला असतो, एक बूट हातात, आणि बोटं चोळत असतो. परवा बोलला माझ्याशी. म्हणाला, सावेता, पुढे सगळा चढ आहे आणि हे बूट मला चावतायत. तुझ्या दुकानातले बूट, वेतुरिया! शेवटचे म्हणून चांगले नवे घेतले, काळे, चव्वेचाळीस नंबर."

"काकांचा नंबर चव्वेचाळीसच होता."

"होता ना. पण चावतायत."

जन्मभर जंगलखात्यात पायी फिरलेला माणूस, त्याला बूट चावतात की नाही ते त्यालाच कळणार.

सावेताचा आवाज बारीक झाला. "शनिवारी प्रार्थना झाली की त्याचा रस्ता संपला. मग देवापुढे उभं राहायचं. जे पाठवायचं ते तोवर पाठवायचं, पुढे काही पोचत नाही. तिथे काय कायमचा लंगडत राहणार का गं तो? मला डोळा लागत नाही. डोळा लागला की त्याचं कण्हणं."

वेतुरियाने हात धुतले, पातेल्यावर झाकण ठेवलं, भिंतीवरच्या देवमातेच्या तसबिरीपुढे क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "चल, दुकानात."

वेतुरिया त्या बुटांच्या दुकानाची मुख्य. मालक दूर क्रायोवात राहायचा आणि वर्षातून एकदा येऊन फळ्यांवरची धूळ बोटाने बघून जायचा. बाकी सगळं वेतुरियाच. पूर्वी ते दुकान सरकारी होतं, तेव्हा फळ्यांवर फक्त रबरी बूट आणि भिंतीवर घड्याळ असे. त्या काळीसुद्धा ती गिऱ्हाइकाचा अंगठा बुटावरून दाबून बघितल्याशिवाय पुडकं बांधत नसे. एकदा एका नवरीला दोन्ही डाव्या पायाचे बूट गेले, तर ही उजवा हातात घेऊन चर्चमध्ये घुसली, भर लग्नात, फादर नवरानवरीच्या डोक्यावर मुकुट चढवत होते तेव्हा. नवरीचा पाय उचलून बूट घातला, फादरना "चालू द्या" म्हणाली आणि बाहेर. हाताखालच्या बाईला ती कधी "जा" म्हणाली नाही. नेहमी "चल".

हाताखालची बाई म्हणजे झाम्फिरा. मनाने चांगली, जिभेने कात्री. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"बदलून हवे तर माल परत आणावा लागतो, मावशी. न वापरलेला. खोक्यासकट."

"माल जमिनीखाली आहे."

"आणि खोकं?"

"खोक्यात मी घेवड्याचं बी ठेवलंय."

"मग खोकं तरी आणा. काहीतरी आणा!"

"झाम्फिरा," वेतुरिया म्हणाली, "बूट आपल्याकडून गेले. माणूस आपल्या बुटांत लंगडतोय. पाटीवर मेलेल्यांबद्दल काही लिहिलंय का?"

झाम्फिराने पाटी पुन्हा वाचली. नव्हतं लिहिलेलं.

वेतुरियाने क्रायोवाला फोन लावला. मालक जेवत होता.

"गिऱ्हाईक मेलंय म्हणतेस ना?"

"गिऱ्हाईक मेलंय, साहेब. तक्रार जिवंत आहे."

"मोज्यांचे दोन जोड देऊन टाक त्याला."

"कुठल्या पत्त्यावर?"

मालकाने घास गिळला आणि काय हवं ते कर म्हणून फोन ठेवला.

आता तिकडे पाठवायचं कसं, हे आमच्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मेलेल्याच्या नावाने वस्तू जिवंत माणसाला द्यायची. त्याने ती सगळ्यांसमोर वापरायची आणि 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो. तो शब्द तोंडातून निघाला की वस्तू पोचली. पण बूट म्हटलं की घेणाऱ्याचा पायही तंतोतंत हवा, नाहीतर तिकडे ढगळ पोचतात. काकांचे पाय मातीत सुजले असणार, असं तिघींनी ठरवलं आणि शेहेचाळीस नंबर धरला. म्हणजे आता शेहेचाळीस नंबरचा माणूस शोधायचा.

शुक्रवारी बाजार होता. वेतुरियाने पुठ्ठ्याचा शेहेचाळिसाचा तळवा कापला आणि ती आणि झाम्फिरा कांदेवाल्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. फुकट बूट मिळतायत हे कानोकानी झालं आणि मिरच्यांच्या पोत्यांपर्यंत रांग लागली. कसब्यात एवढे मोठे पाय आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं. एकाने मोज्यांवर मोजे चढवले होते. एकाने टाचेत पाव कोंबला होता. न्हावी तर अनवाणी आला, पुठ्ठ्यावर पाय ठेवला, तो पुठ्ठ्यात पोहायला लागला.

"थंडीने आखडलेत," न्हावी म्हणाला. "एरवी भरतात."

"तुमचे चाळीस आहेत, गेल्या ईस्टरला मीच दिलेत," वेतुरिया म्हणाली. "सरका. आणि सावेतामावशीकडे बघून सांगा, पुन्हा खोटं बोलाल का?"

सावेता शेजारीच स्टुलावर बसली होती, काठीवर हनुवटी टेकून, प्रत्येक पायाकडे आशेने बघत. न्हावी सरकला. मागची अर्धी रांगही मान खाली घालून पांगली.

शेवटी बस आली. ड्रायव्हर पांतेलिमोन गाडी मधेच उभी करून खाली उतरला आणि पुठ्ठ्यावर पाय ठेवला. कडेला कड. बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या.

"पण मला तपकिरी हवेत," पांतेलिमोन म्हणाला.

"काकांना काळे चालतील, तुलाही चालतील," झाम्फिरा म्हणाली. "जा, गाडी हाक."

शनिवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून सगळे सावेताच्या अंगणात जमले. लांब टेबल, त्यावर साखर भुरभुरलेला गव्हाचा गोड लगदा, मधोमध मेणबत्ती. प्रत्येकाने प्लमच्या दारूचे दोन थेंब आधी जमिनीवर सांडले, काकांसाठी, मग स्वतःच्या घशात. फादर दमियान यांनी धूप फिरवला. पांतेलिमोनला मधोमध खुर्चीवर बसवलं. वेतुरियाने खोकं उघडून काळे चकचकीत बूट त्याच्यापुढे ठेवले. सावेताने हात जोडले.

पांतेलिमोनने पाय घातला आणि ओरडला, "आई गं! चावतोय की!"

वेतुरियाने तळव्यावरचा नंबर पुन्हा वाचला.

"हा शेहेचाळीस?" तो म्हणाला. "बोटं दुमडली माझी!"

सावेता मटकन खाली बसली. "म्हणजे बुटांतच काहीतरी आहे," ती पुटपुटली. "कितीही मोठे द्या, माझ्या माणसाला चावणारच."

झाम्फिरा गुडघ्यांवर बसली, बूट ओढून काढला, आत कोपरापर्यंत हात घातला आणि कागदाचा घट्ट बोळा बाहेर काढला. तसाच दुसऱ्यातून. नवे बूट चेपू नयेत म्हणून कारखान्यातून चवड्यात कोंबून येतात ते. रोज डझनांनी काढून फेकायचे, त्यात विशेष ते काय? पण झाम्फिरा ते हातात धरून बसूनच राहिली.

"बाई," ती वेतुरियाला म्हणाली, "त्या बुटांतले कुणी काढले होते?"

"कुठल्या?"

"काकांच्या. आपण बोळे काढतो कधी? गिऱ्हाईक घालून बघतं तेव्हा. ते घालून कोण बघणार होतं? मी खोकं तसंच बांधून दिलं."

सगळ्या माना पांतेलिमोनकडे वळल्या. काकांना आंघोळ घालून कपडे चढवणाऱ्यांत तो होता.

"अरे, जात नव्हते पायात!" तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, मेलेला माणूस, आखडला असेल. दोघांनी टाचेवर गुडघा देऊन बसवले."

"गुडघा देऊन!" सावेता किंचाळली.

तर असं होतं. नंबर बरोबर, बूट बरोबर, आणि काका चाळीस दिवस कागदाच्या बोळ्यांवर बोटं मुडपून चढ चढत होते. आता मोठे बूट पाठवून काय उपयोग? त्या मोठ्यांतही ते ढगळपणे लंगडणार. पाठवायचं होतं ते बोळे काढणं.

वेतुरियाने फादरना विचारलं, याला शास्त्रात काही आहे का.

फादर दमियाननी दाढी कुरवाळली. "कागदाच्या बोळ्यांविषयी धर्मपित्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "चालत नाही, असं कुठे म्हटलेलंही नाही. देव माणसाच्या मनातलं बघतो, वेतुरिया. बाकी तू बघ."

"मग फादर, तुमचे पाय लागतील."

"माझे?"

"तुमचा नंबर चव्वेचाळीस. तुमचा आणि काकांचा एकच. झाम्फिरा, चल!"

दोघी चौक ओलांडून पळाल्या, तसलेच काळे, चव्वेचाळीस नंबरचे, बोळ्यांसकट बूट घेऊन धापा टाकत परत आल्या. फादरनी झगा गुडघ्यापर्यंत वर धरला. पाय जाईना. मग वेतुरियाच्या सांगण्यावरून पांतेलिमोननेच टाचेवर गुडघा दिला.

"सावकाश रे, गाढवा! मी जिवंत आहे!"

"आता फाटकापर्यंत चाला, फादर," वेतुरिया म्हणाली. "आधी त्रास झाला पाहिजे, नाहीतर काढायचं काय?"

फादर दमियान निघाले. एक पाय आपटत, एक ओढत, झगा सावरत, ओठ चावत. अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. सावेता उभी राहिली आणि काठी रोखून ओरडली, "अस्साच! बघा, अगदी अस्साच लंगडतो माझा माणूस!" आणि तिला रडू कोसळलं. तिच्याबरोबर अर्ध्या बायकांना. फाटकापर्यंत जाऊन फादर परत आले आणि खुर्चीत कोसळले.

झाम्फिरा पुढे सरसावली, चूक तिची होती. पण वेतुरियाने तिला हाताने मागे केलं. दुकानाची मुख्य ती. ती अंगणातल्या चिखलात, ठेवणीतल्या झग्यानिशी, गुडघ्यांवर बसली. फादरचा डावा बूट काढला, बोळा काढला. उजवा काढला, बोळा काढला. दोन्ही बूट पुन्हा चढवले, नाड्या बांधल्या आणि फादरच्या डोळ्यांत न बघता, पायांकडे बघून म्हणाली, "इलारियनकाका, दुकानाची चूक झाली. आमच्यावर राग धरू नका. आता चाला."

सवयीने तिने अंगठा बुटावरून दाबून बघितला. जागा होती.

फादरनी आत बोटं हलवली. त्यांचा चेहरा उजळला. "आहाहा," ते म्हणाले.

"फादर, शब्द!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

"बोगदाप्रोस्ते!"

रविवारी सावेता चर्चला आली नाही. फादरच नवे बूट वाजवत तिच्या घरी गेले, तर म्हातारी घोरत होती. सोमवारी ती दुकानात आली. काठी दारावर आपटली नाही, काखेत धरली होती.

"दिसले का?" वेतुरियाने विचारलं.

"दिसला. चढावरून ताडताड जात होता. मी हाक मारली, अहो, जरा थांबा. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, उशीर झालाय." सावेताने नाक पुसलं. "मेला. जिवंत असतानाही असाच करायचा."

"पाय?"

"पाय झकास."

झाम्फिरा कपाटामागे जाऊन रडून आली. पांतेलिमोनने शेहेचाळीसचे बूट परत केले नाहीत. पायात घातलेला माल दुकान परत घेत नाही, अशी पाटी आहे म्हणाला, आणि पाटी खरंच होती.

दुपारी दुकानाच्या पायरीवर दोकिया येऊन बसली, पोस्टमनची विधवा. तिच्या नवऱ्याचे चाळीस दिवस पुढच्या आठवड्यात भरायचे होते, आणि त्याचा चष्मा पुरायच्या दिवशी खिडकीतच राहून गेला होता. तो स्वप्नात येऊन डोळे बारीक करतो आणि तिला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारतो.

"आमच्याकडे फक्त बूट असतात," झाम्फिरा म्हणाली.

वेतुरियाने कोट चढवला, दुकान झाम्फिरावर सोपवलं आणि दोकियाला घेऊन चष्मेवाल्याकडे निघाली.