चार रेघा आणि एक झेंडू

भूत, भानामती, करणी यांतलं मी काहीच मानत नाही, हे आधीच सांगते. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेली बाई आहे... आणि ती पीएच.डी. झाली कशी, तिथेच सगळा घोटाळा आहे.

पुण्यातली एक प्रयोगशाळा. शहरात जो तो सॉफ्टवेअरमध्ये चालला होता आणि मी मंडईतून पिशव्या भरभरून पालक आणून त्यातलं एक एन्झाइम वेगळं काढत होते. त्या एन्झाइमच्या पोटात तांबं असतं. नमुना गोठवून जबरदस्त चुंबकात ठेवायचा, मायक्रोवेव्ह सोडायच्या. तांबं सापडलं की कागदावर चार रेघा उठतात. माझ्या कागदावर वर्षभर नुसतं पठार!

अकोल्याहून घरच्यांचा नोकरीसाठी लकडा. माझे गाइड देवधर सर म्हणाले, "वानखेडे, आज रेघा आल्या नाहीत तर सोमवारपासून खुशाल कॉम्प्युटर शिका. पालक तरी सुटेल."

तो दिवस खंडेनवमीचा. शेजारच्या लॅबमधली यंत्रं हळदकुंकू लावून, पूजा करून घेऊन आराम करत होती. आमचंच तेवढं कामाला जुंपलेलं. सरांना पूजा वर्ज्य — कुंकवात लोखंड निघालं तर त्याचाच सिग्नल यायचा, म्हणे.

सर चहाला गेले. मी शेजारच्या लॅबमधल्या पूजेतला एक झेंडू आणून यंत्रावर ठेवला, हात जोडले... आणि कागदावरचं यंत्राचं पेन थरथरलं. चार रेघा.

सरांनी येऊन आधी कागद पाहिला, मग झेंडू.

"काढा तो."

काढला — पठार. पुन्हा ठेवून हात जोडले — रेघा. नमुना बाहेर काढून नुसता झेंडू, हात जोडून — पठार. म्हणजे तांबं पालकाचंच. शेवटी सरांनी स्वतःच्या हाताने झेंडू ठेवला. पठार.

"सर... हात जोडायचे राहिले."

सरांनी दार लावून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत, थंडी वाजल्यासारखे हात जोडले.

चार रेघा.

प्रबंधात तापमान लिहिलं, चुंबकाची ताकद लिहिली. झेंडू 'साहित्य'मध्ये घालावा की 'पद्धती'मध्ये, यावर आमचं एकमत झालं नाही, म्हणून तो लिहायचाच राहिला.

यंत्र केव्हाच भंगारात गेलं. उलगडा आजही नाही. सर म्हणतात, कुठलंतरी कनेक्शन सैल असणार. गेल्या खंडेनवमीला त्यांच्याकडे गेले, तर मिक्सरवर झेंडू, टीव्हीवर झेंडू. मी काही बोलायच्या आत सरांनी माझ्या हातात एक फूल दिलं.

"विश्वास नाही हो माझा. पण गीझरपर्यंत हात पुरत नाही, तेवढं ठेवा... आणि जोडायला विसरू नका."