दोन तासांची बदली

गादीवाल्या मावशी पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरेत भरल्या त्या एका मतदानाच्या दिवशी. स्वतःचं मत देऊन झालं तरी त्या घरी गेल्या नाहीत. शाळेच्या फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिल्या, "तुमच्या वरच्या मजल्यावर आजोबांना सांभाळायला येते ती बाई आली का हो? आणि तुमचा रखवालदार?" ही बाई कुठल्या तरी उमेदवाराची असणार, असंच लोकांना वाटलं. एका कार्यकर्त्याने तर तोंडावर विचारलं, "मावशी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

"मी गादीवाली," मावशी म्हणाल्या. "दोन्ही बाजू सारख्याच शिवते."

तो हसला आणि पुढे गेला. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ज्यांची चौकशी केली, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच आलं नव्हतं.

मावशींचं बरंचसं काम अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी असे. त्यांच्या गाद्या कुठे घट्ट भरायच्या, कुठे सैल सोडायच्या, हे माप घेतल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे त्या घरोघरी जात आणि दाभण-सुतळी घेऊन तिथेच बसत. आजारी माणूस झोपलेला, घरची मंडळी कामावर, मग बोलायला उरे ती सांभाळणारी बाई. या बाया बहुतेक कालव्यापलीकडच्या वस्तीतल्या. तिथे नळाला पाणी येत नव्हतं आणि रस्त्यावर दिवा नव्हता. तिकडचे लोक मतं द्यायलाच येत नाहीत, मग कोण कशाला फिरकतंय, असं नगरपालिकेत उघड बोललं जाई.

"का गं जात नाही तुम्ही?" मावशींनी एकीला विचारलं होतं.

"मी उठले की आजोबा पडले," ती म्हणाली. "आणि आजोबा पडले की माझी नोकरी पडली. मत काय, पुढच्या जन्मी देईन."

पुढच्या निवडणुकीला मावशींनी दुकान बंद ठेवलं आणि त्या बाईच्या जागी स्वतः आजोबांजवळ बसल्या. पण एका मावशीने किती घरांत बसायचं? मग त्यांनी ओळखीपाळखीत शब्द टाकला. औषधवाल्याने पैसे दिले, डॉक्टरीणबाईंनी दिले, आजारी माणसांच्या घरच्यांनी थोडे थोडे दिले. आधी मावशींचा विचार होता की बायांचा बुडालेला रोज भरून द्यावा. औषधवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, मत द्यायला निघालेल्याच्या हातावर पैसे ठेवलेत ना, तर त्याला जगात एकच नाव आहे!" मावशींनी जीभ चावली. तेव्हापासून रिवाज पडला तो असा, की मत देणाऱ्याला दमडी नाही. पैसे मिळणार ते त्याच्या जागी दोन तास बसणाऱ्या माणसाला. या बदली माणसाने निवडणुकीचा विषय काढायचा नाही, आणि परत आलेल्याला 'कोणाला दिलंस' हे तर चुकूनही विचारायचं नाही. वर्गणी देणाऱ्यालाही तीच ताकीद. पैसे द्या आणि विसरा.

हे असं सुरळीत चाललं होतं. कालव्यापलीकडची माणसं रांगेत दिसू लागली होती. एक उमेदवार तर पँट वर दुमडून तिकडच्या चिखलातही फिरून आला. आणि मग मावशींचा सख्खा थोरला भाऊच निवडणुकीला उभा राहिला.

दादाचं फर्निचरचं दुकान होतं. मावशींचे यजमान गेले तेव्हा दादानेच दुकानामागची खोली बहिणीला दिली होती. भाडं कधी मागितलं नाही, उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. मावशींची मशीन, कापसाच्या गाठी, पोटापाण्याचं सगळं त्या खोलीत होतं.

अर्ज भरला त्याच दिवशी दादा मागच्या दाराने आला आणि अर्ध्या शिवलेल्या गादीवर ऐसपैस बसला. "या खेपेला कोणापुढे हात पसरायचा नाही. तुझ्या बदलीच्या माणसांचे सगळे पैसे मी देतो."

"ऊठ आधी. टाके उसवतील," मावशी म्हणाल्या. "आणि बदल्यात?"

"बदल्यात काय! बाया घरातून निघताना तुझ्या माणसाने आपलं चिन्ह तेवढं कानावर घालायचं."

"दादा, तुझे पैसे घेतले की ती माणसं तुझी झाली. माझी राहिली नाहीत, आणि त्या बायांची तर नाहीतच."

"मी तुझा भाऊ आहे की कोण?"

"भाऊ आहेस म्हणूनच नको. परक्याचे एक वेळ घेतले असते."

दाराशी उभ्या असलेल्या वहिनींना राहवलं नाही. "वन्सं, खोली घेताना नाही वाटलं हो परक्याची घ्यावी म्हणून!"

मावशींनी दाभण ओवायला घेतलं. दोनदा प्रयत्न केला, सुतळी आत जाईना.

दुसरीकडे गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली. दादाच्या विरोधात टायरवाला उभा होता. त्याची माणसं म्हणू लागली, बहीण भावासाठी मतं गोळा करते आहे. दोन दिवसांत वर्गणी आटली. औषधवाला खाली बघत म्हणाला, "मावशी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण तुम्ही बसता त्यांच्या खोलीत. लोकांचं तोंड कसं धरू?"

मावशींना राग आला नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्या दुकानात परतल्या, मशीनपाशी बसल्या आणि विचार करत राहिल्या. काम थांबवलं, तर कालव्यापलीकडची माणसं पुन्हा घराघरांत अडकणार. चालू ठेवलं, तर प्रत्येक मताला भावाचा वास येणार. औषधवाला चुकीचं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडी आली. मशीन, गाठी, फळ्या सगळं बाहेर निघालं आणि मावशींच्या राहत्या घरात, पलंगाच्या नि चुलीच्या मधे कोंबलं गेलं. किल्ली घेऊन मावशी पुढच्या दुकानात गेल्या.

"डोकं फिरलंय तुझं," दादा म्हणाला. "निवडणूक काय, आज आहे उद्या नाही. खाशील काय?"

"शिवीन आणि खाईन. तू दिलंस ते मी विसरणार नाही, दादा. पण तुझ्या छपराखाली बसून मी कोणाचीच नाही म्हटलं, तर कोण ऐकेल?"

दादाने किल्ली घेतली नाही. मावशींनी ती काउंटरवर ठेवली.

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. औषधवाला स्वतः चालत घरी आला, आणि त्याच्या मागोमाग आणखीही काही जण आले. पैसे नेहमीपेक्षा कमीच जमले. उरलेल्या घरी मावशींच्या मैत्रिणी फुकट बसल्या.

मतदानाच्या दिवशी मावशींनी स्वतःसाठी घर निवडलं ते टायरवाल्याचं. त्याची म्हातारी आई अंथरुणावर होती. तिला सांभाळणारी मुलगी टायरवाल्याचा बिल्ला लावून हिंडायची, म्हणजे तिचं मत कुठे जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मावशींनी तिला म्हटलं, "बिल्ला काढून जा, आत चालत नाही. आणि घाई करू नकोस, मी आहे."

म्हातारी बराच वेळ टक लावून बघत राहिली. "तू त्या फर्निचरवाल्याची बहीण ना? मग इथे काय करतेस?"

"तुमची कूस बदलतेय, आजी. हात द्या इकडे."

"माझ्या पोराला निवडून आणतेस होय?"

"मी काही आणत नाही. पोरगी जाऊन येईपर्यंत तुम्ही पडू नये, एवढंच बघतेय."

म्हातारी खुदकन हसली आणि मावशींचा हात धरून झोपी गेली. त्या मुलीला परतायला दोन तासांहून जास्तच लागले. रांग फार मोठी होती, ती म्हणाली. कालव्यापलीकडची अर्धी वस्ती लोटली होती. मावशींचा हात तोवर बधिर झाला होता.

दादा पडला. फार थोड्या मतांनी पडला.

निकालाच्या दिवशी तो मावशींच्या दारात आला, पण उंबरा ओलांडला नाही. "तुझ्या माणसांनी पाडलं मला."

"असेलही," मावशी म्हणाल्या. "काहींनी तुला दिलंही असेल. मी विचारलं नाही, दादा."

तो तसाच मागे वळला. त्या दिवशी मावशींच्या हातून एक टाका धड पडला नाही.

त्यानंतर एक निवडणूक होऊन गेली आणि बदलीची माणसं पुन्हा ठिकठिकाणी बसली. कालव्यापलीकडे पाण्याचा नळ आला आहे. दिवे अजून यायचे आहेत. मावशींनी सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी एक अरुंद गाळा भाड्याने घेतला आहे. घरच्या उशा भरायला आल्या की वहिनी त्या घेऊन येतात आणि चहा होईपर्यंत बसतात. दादा समोरच्या रस्त्याने जाताना ओळख दाखवत मान हलवतो. आत अजून आलेला नाही.